कृष्णाबाईंचा डावा डोळा

जयनगरच्या कृष्णमूर्तींच्या साडीच्या दुकानात कृष्णाबाई सव्वीस वर्षं कुच्चू बांधत होत्या. पदराच्या टोकाला रेशमाचे गोंडे वळायचे, मधे मणी ओवायचे. त्यांच्याच हातचं काम हवं म्हणून गिऱ्हाइकं थांबायची.

एका गुरुवारी रिक्षातून उतरताना पाय अडकून त्या पडल्या. डावी भुवई फुटपाथच्या कडेवर आपटली. जवळच्या दवाखान्यात दोन टाके घातले. डोळा ना लाल झाला, ना सुजला. पण संध्याकाळी तोंड धुताना उजवा डोळा मिटला आणि समोर नुसता काळोख. मुका मार आहे, उतरेल, असं म्हणून त्या गप्प राहिल्या. सोमवारी एका लग्नाच्या नऊ साड्या द्यायच्या होत्या.

रविवारी डावीकडे ठेवलेला चहाचा पेला त्यांच्या कोपराने लवंडला, पाठोपाठ पाण्याचा तांब्याही. मुलगी हर्षिता खनपटीला बसली तेव्हा कुठे त्यांनी सांगितलं. ती त्यांना तशीच डोळ्यांच्या इस्पितळात घेऊन गेली.

डॉक्टर सौम्यांनी दोन्ही डोळ्यांवर आळीपाळीने बॅटरी मारली, स्कॅन करून घेतला.

"डोळा शाबूत आहे. त्यामागून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला मार बसलाय. डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी त्याने एकदम मरत नाहीत, हळूहळू मरत जातात."

"मग वाचवा ना त्या!" हर्षिता म्हणाली.

"काही डॉक्टर स्टेरॉइड देतात, तेही पहिल्या काही तासांत. त्याने फायदा होतोच असं सिद्ध झालेलं नाही. आज चौथा दिवस, त्यात यांना शुगर, ती स्टेरॉइडने भडकते. मी देऊ नये म्हणेन."

"पहिल्याच दिवशी आलो असतो तर?"

"खरं सांगू? ते मलाही सांगता येणार नाही."

हर्षिता ऐकेना. काहीच न करता आईला घरी कशी नेऊ, म्हणून रडायला लागली. शेवटी कृष्णाबाईच म्हणाल्या, "सरी, बरं, द्या. पोरीच्या मनाला रुखरुख नको."

धोका समजावून, सही घेऊन डॉक्टरांनी त्यांना दाखल केलं आणि स्टेरॉइड सुरू केलं. दुसऱ्याच दिवशी शुगर चारशेच्या वर गेली, तोंडाला कोरड पडली, त्या असंबद्ध बोलू लागल्या. औषध थांबवावं लागलं.

दोन महिन्यांनीही डाव्या डोळ्याला हलत्या हाताची सावली तेवढी दिसते. कृष्णाबाई दुकानात जातात, पण सुईचं अंतर चुकतं, दोरा भलतीकडेच जातो. "स्वल्प सावकाश, अक्का," कृष्णमूर्ती म्हणतात. मण्यांच्या साड्या मात्र ते आता दुसरीकडे देतात.

घरी हर्षिता रोज सकाळी आईचा डावा डोळा झाकते आणि उजव्यासमोर बोटं धरते, तो तरी नीट आहे ना बघायला.

"किती?"

"तीन. पुरे झालं आता."

"मग त्या गुरुवारीच का नाही बोललीस?"

कृष्णाबाई डबा उचलतात आणि उंबऱ्याशी पाय चाचपत बाहेर पडतात.