पाहुण्यांचा तांदूळ

दुपारी एकटी जेवायला बसले की मला अजून ताट सरकल्याचा आवाज येतो. मी मान वर करून पाहते. समोर कोणी नसतं. माझा मुलगा त्या जागी बसायचा, आणि ताटात कनकीचा भात दिसला की एका बोटानं ते ताट वीतभर पुढे ढकलायचा. फरशीवरून स्टीलचं ताट सरकल्याचा आवाज काही मोठा नसतो, पण मला आता तो रोज येतो.

फुलचूरच्या या घरात आम्ही मायलेक दोघंच होतो. मुलगा सातवीत असताना नवरा गेला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते, आता घरीच असते. कामठा गावची थोडी शेती दुसऱ्याला करायला दिली आहे, दरसाल वाट्याचं धान येतं. गिरणीत भरडलं की अख्खा तांदूळ वेगळा निघतो आणि तुटलेला वेगळा. तुटलेला तो कनकी. अख्खा तांदूळ मी विकते, त्यातला एक डबा पाहुण्यांसाठी ठेवते, आणि घरच्या माणसांना कनकी. माझ्या आईकडे हेच होतं, सासूकडेही हेच. दाणा अख्खा की मोडका हे पोट विचारत नाही, असं माझं आजही मत आहे.

चिक्कू म्हणा हवं तर. साबणाचा उरलेला तुकडा मी नव्या वडीला चिकटवते. शाळेतल्या पोरांच्या जुन्या वह्यांत कोरी राहिलेली पानं फाडून त्यांवर किराण्याची यादी लिहिते. याची मला कधी लाज वाटली नाही, कारण त्यावरच मुलगा शिकला आणि गावातल्या एका शोरूमवर कामाला लागला.

पण पैसा त्याच्या हातात टिकतच नसे. पगार झाला की मित्रांना घेऊन ढाब्यावर. हातातला मोबाईल धडधाकट असताना नवा मोबाईल. मोटरसायकल हप्त्यावर. ऋण काढून सण करणारी माणसं मी पाहिली होती, हा तर सण नसतानाही करायचा. मी बोलले की हसायचा. म्हणायचा, "माय, तू कनकी खाऊ खाऊ कनकीएवढीच राहिली." आणि मलाही हसू यायचं. तेव्हा हसायला नको होतं.

मग त्यानं मोबाईलवरून झटपट मिळणारं कर्ज घेतलं, आणि ते फेडायला दुसरं. एके सकाळी दारात वसुलीचा एक माणूस उभा राहिला. "माताजी, बेटा घर पे है?" आवाज मुद्दाम मोठा. समोरच्या घरातून माझीच एक जुनी विद्यार्थिनी कडेवर लेकरू घेऊन बघत होती. मी ठेव मोडून सगळं फेडलं. पुन्हा असं करणार नाही म्हणून त्यानं माझ्या पायांना हात लावला. वर्ष सरलं नाही तोच दारात दुसरा माणूस आला.

त्या दुपारी तो जेवायला बसला, कनकी पाहिली आणि ताट ढकललं. नुसत्या सवयीनं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी माझा तोल गेला. मी म्हणाले, "ज्याले या घरची कनकी गोड लागत नाही, त्यानं या घरी येऊ नये."

तो ताटाकडे बघत म्हणाला, "मी काऊन असा करतो, मलेच नाही समजून राहिलं, माय."

तिथं थांबायला हवं होतं मी. पण शिक्षिकेची जीभ. "समजलं की येजो," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तो रायपूरला निघून गेला. दोन वर्षं आला नाही. तिथं कुठल्याशा गोदामात काम करतो, एका खोलीत राहतो, हातानं रांधून खातो, एवढं त्याच्या मित्राकडून कळायचं. मग एक दिवस त्याचाच फोन आला. "माय, सारे हप्ते फिटले. उद्या येऊन राहिलो."

मला काय करू अन् काय नको असं झालं. पाहुण्यांचा डबा काढला. अख्खा तांदूळ निवडून भात केला, वर तूप, लाखोरीच्या डाळीचे वडे. एवढा खर्च मी दिवाळीलाही करत नाही.

तो वाळला होता. हातातली मोठी बॅग त्यानं बाहेरच्या खोलीत ठेवली आणि आपल्या जागी येऊन बसला. मी ताट वाढलं. ताटाकडे बघायच्या आधीच त्यानं ते दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढून घेतलं. मग बघितलं, आणि त्याचे हात तसेच राहिले.

"कनकी नाही का, माय?"

"आता तुले कनकी कायले देऊ?" मी म्हणाले. केवढ्या अभिमानानं म्हणाले.

तो सगळं जेवला, एक शीत टाकलं नाही. ताट धुवायला उठला तर मी हातातून घेतलं. राहू दे, बस तू, म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाला, संध्याकाळच्या गाडीनं जातो, कामावर जावं लागेल. मला ते खरं वाटलं. त्यानं बॅग उचलताना उघड्या चेनमधून दिसलं, आत गादीची वळकटी होती. एका जेवणासाठी कोणी गादी आणत नाही.

दुसऱ्या दिवशी कनकीचा डबा उघडला तेव्हा मला कळलं. माझा शब्द पाळून तो कनकी खायला आला होता, आणि मी त्याला पाहुण्यांचा तांदूळ वाढला.

फोन करतो अधूनमधून. तब्येत विचारतो, गोळ्या घेतेस ना विचारतो. परवा मी धीर करून म्हणाले, "ये ना बाबू. कनकी रांधते."

तो अगदी मायेनं म्हणाला, "तांदूळच रांध, माय. मी एकच दिवस येईन."