मंगळवारच्या बायका

वाकोल्याच्या आमच्या वस्तीत गटकर्जाविरुद्ध काम सुरू केलं तेव्हा मी साठीची होते. शिक्षण चौथी. बायकांना कर्जाचे कागद वाचून दाखवायचे आणि वसुलीवाला दमदाटी करू लागला की दारात जाऊन उभं राहायचं, एवढंच माझं काम.

गटकर्ज म्हणजे पाच बायकांना मिळून दिलेलं कर्ज. एकीचा हप्ता चुकला की तो बाकीच्या चौघींनी भरायचा. त्यामुळे कंपनीला गुंड ठेवावे लागत नाहीत. शेजारणी पुरतात.

आमच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या एका बाईचा नवरा दिवाळीआधी वारला. तिचे हप्ते थांबले. वसुलीवाल्याने गटातल्या चौघींना सांगितलं, तिच्या दारात जाऊन बसा. त्या दर मंगळवारी बसायला लागल्या. एकदा कुकर उचलून नेला, एकदा पोरीची सायकल. पुढच्या मंगळवारी शिलाई मशीन न्यायचं ठरलं होतं. मशीन गेलं असतं तर मायलेकी उपाशी राहिल्या असत्या.

मी तिचं कर्जाचं कार्ड पाहिलं. कर्ज देतानाच विम्याचे पैसे कापले होते, तिचे आणि नवऱ्याचेही. म्हणजे नवरा गेल्यावर राहिलेलं कर्ज विम्यातून फिटायला हवं होतं. हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. विम्यासाठी अर्ज करायचा होता, आणि त्यावर त्या चौघींच्याही सह्या असत्या तर कंपनीला तो दाबून ठेवता आला नसता.

पण सह्यांसाठी सभा बोलावली असती तर त्या आल्या नसत्या. वसुलीवाल्याला कळलं तर पुढचं कर्ज बंद, ही भीती. संक्रांतीचे दिवस होते, म्हणून मी शुक्रवारी हळदीकुंकू ठेवलं. चौघी नटून आल्या. वाण म्हणून प्लास्टिकचे डबे दिले आणि मग म्हटलं, आता आपापली कार्डं आणा.

"काकी, हा डबा महाग पडणार वाटतं," एक म्हणाली.

त्यांच्याही कार्डांवर विमा होता. मी वाचून दाखवला.

"म्हणजे तिचे हप्ते आम्ही फुकट भरले?"

"आणि कुकरही फुकट नेलात."

मग चौघींतली मालवणकडची होती तिने विचारलं, "तिका कित्याक नाय बोलवलास, काकी? तिची सही नको?"

मी तिला बोलावलंच नव्हतं. विधवेला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत. आयुष्यभर तसंच करत आले, म्हणून तेव्हाही केलं. जिच्यासाठी एवढा घाट घातला तीच चार घरं पलीकडे बसली होती, आणि हे दुसरीने विचारेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नाही. मी अर्ज घेतला आणि चौघींना म्हटलं, चला तिच्याकडे.

आम्हा पाचजणींना दारात बघून ती उठली आणि मशीनच्या पुढे उभी राहिली.

"आज मंगळवार नाही," ती म्हणाली.

"मशीन नकोय गं. सही हवी आहे," मी म्हटलं.

तिने अर्ज माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. मग नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स काढून दिली आणि सही केली. चौघींनी तिथेच उभ्याने सह्या केल्या. कोणी माफी मागितली नाही. तिने चहा विचारला नाही.

मंगळवारी वसुलीवाला आला तेव्हा तिच्या दारात कोणी बसलं नव्हतं. त्यानेही एकट्याने मशीनला हात लावला नाही. अंधेरीच्या ऑफिसात आम्ही बरेच खेटे घातले, तेव्हा कुठे विमा मंजूर झाला. कुकर परत आला, शिट्टी नव्हती. सायकल विकली गेली होती.

ती अजून त्याच खोलीत शिवते. त्या चौघींचे ब्लाउज घेत नाही. माझे घेते, पण शिलाई आधी मागते.