हृदयाचा धडा आणि वाकडचा पूल

त्या सकाळी आमची कॅब वाकडच्या पुलावर अडकली होती. पुढे हिंजवडीपर्यंत गाड्याच गाड्या. मी चऱ्होलीहून निघालेली, मांडीवर लॅपटॉप, आणि पाय एका जागी ठरत नव्हता. आदल्या संध्याकाळी आमच्या संकेतस्थळाची नवी आवृत्ती सुरू झाली होती. शिक्षकांना वर्गात वापरता येतील असे धडे आम्ही तिथे ठेवतो. ते धडे ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, त्यांनाही वापरता यावेत हे पाहणं माझं काम.

फोन वाजला. कुरुळीच्या बाजूला एका शाळेत विज्ञान शिकवणारे एक सर. पूर्ण अंध. कानात एक इअरफोन घालून, पडद्यावरचं वाचून दाखवणारा फोनमधला आवाज ऐकत ते धडा चालवतात आणि मुलं समोरच्या टीव्हीवर तो बघतात.

"मॅडम, आज नुसतं बटन, बटन, बटन म्हणतंय. चित्राचं वर्णनच येत नाही."

मी धडा उघडला. वर्णनं होती, पण नव्या रचनेत ती त्या वाचणाऱ्या आवाजापर्यंत पोहोचतच नव्हती.

"सर, दुपारपर्यंत दुरुस्त करून देते."

"माझा तास आत्ता सुरू आहे. आठवीची पोरं बसलीत. हृदय मला पाठ आहे हो, पण टीव्हीवर कुठलं चित्र आहे तेच कळत नाही."

मागून मुलांचा गलका ऐकू येत होता. सर म्हणाले, "तुम्हीच सांगा. स्पीकर लावतो."

कॅबमध्ये आणखी तिघं होते. मी आधी कुजबुजत सुरुवात केली. "मोठ्यानं, मॅडम!" सरांच्या आधी वर्गच ओरडला. मग मी लाज सोडली. "पहिलं चित्र. हृदयाचे चार कप्पे. वर दोन अलिंदं, खाली दोन निलय. उजवी बाजू निळी, डावी लाल."

"सर, उलटं हाय," एक मुलगी म्हणाली. "निळं तर डावीकडं दिसतंय."

"आता माझ्यासमोर उभी राहा," सर म्हणाले. "माझा उजवा हात तुझ्या कुठल्या बाजूला आला?"

मग एकदम पाच-सहा आवाज, "डावीकडं!"

ड्रायव्हरदादांनी रेडिओ केव्हाच बंद केला होता. माझा फोन मधेच अडखळायचा, मी तेच वाक्य पुन्हा म्हणायचे. बॅटरी लाल झाली तेव्हा शेजारच्या सहकाऱ्याने न विचारता आपली पॉवर बँक माझ्या हातात दिली. रक्त फुप्फुसातून परत डाव्या अलिंदात आलं आणि तासाची घंटा झाली.

ऑफिसात पोहोचताच मी साहेबांना जुनी आवृत्ती परत लावायला सांगितली. ते म्हणाले, "एकाच शिक्षकाची तक्रार आहे ना? पुढच्या आठवड्यात बघू."

"उद्याही त्यांचा तास आहे, साहेब."

मी साहेबांच्या फोनचा पडदा काळा केला, वाचणारा आवाज सुरू केला आणि फोन त्यांच्या हातात दिला. "धडा उघडा." त्यांनी बोटं फिरवली. बटन. बटन. बटन. त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि तांत्रिक विभागाला बोलावून घेतलं. दुपारी जुनी आवृत्ती परत आली.

आता नवं काही सुरू करण्याआधी कुरुळीकडचे सर ते ऐकून तपासतात. मागे त्यांनी मला सुनावलं, "वर्णन फार लांबवता. तेवढ्यात पोरं मारामारी करतात." मी ते निम्म्यावर आणलं.

तरी स्वस्थता नाही. सरांकडे माझा नंबर होता म्हणून त्यांचा तास झाला. ज्यांच्याकडे नव्हता, त्या शिक्षकांनी त्या सकाळी वर्गात काय केलं असेल, हे मला आजही ठाऊक नाही.