अस्वलाने बोलायचं नसतं

“तिसरी खोली इतक्यात कुणाला देऊ नकोस गं. सायली येईल बघ. नवऱ्याला ती घरात नकोच आहे. नाहीतर लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात कुणी बायकोला इकडे धाडतं का?”

मृण्मयी तेजूला हे म्हणाली तेव्हा तिच्या तोंडात फ्रेंच फ्राइज होते आणि मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. सायली म्हणजे मीच. पण तिला मी दिसले नाही, कारण त्या दिवशी सकाळपासून मी अस्वल होते.

असे किस्से ठरवून जमवावे लागत नाहीत. एका खोलीत तीन मुली, एक बाथरूम आणि दिवसभर आनंदी दिसायची सक्ती एवढं असलं की ते आपोआप साचतात, मोरीच्या जाळीवर केस साचतात तसे. आम्ही तिघी जर्मनीत एर्लांगेनला शिकत होतो आणि सुट्टीत एका थीम पार्कात स्टुडंट जॉबला आलो होतो. मृण्मयी पुण्याची, तिची ड्यूटी भुताच्या ट्रेनवर. तेजू नागपूरची, फ्राइजच्या स्टॉलवर. ऑक्टोबरपासून त्या दोघींनी एर्लांगेनला तीन खोल्यांचा फ्लॅट घेतला होता. आणि मी सांगलीची, फेब्रुवारीत लग्न झालेली. नवरा अनिकेत डुसेलडॉर्फला गाड्यांच्या पार्ट्सच्या कंपनीत इंजिनिअर. ऑक्टोबरमध्ये मी थिसिस लिहायला त्याच्याकडे राहायला जाणार, असं ठरलेलं होतं. उन्हाळ्यातच का नाही, असं विचारल्यावर तो म्हणाला होता, “तू इथे येऊन करणार काय? मी तर ऑफिसलाच असतो.”

* * *

मला अस्वल केलं ते फ्राऊ केलरने, आमच्या सुपरवायझरबाईंनी. आधी मी वॅफल्स विकत होते. गिऱ्हाइकाला हाक मारून बोलवायचं असतं, ते मला काही जमत नव्हतं. लग्नानंतर सासरी सगळे म्हणत, “मुलगी छान आहे, पण बोलत नाही.” फ्राऊ केलरनेही अगदी तेच म्हटलं, फक्त तिचा चेहरा उजळला!

“तुम्ही बोलत नाही. वुंडरबार, उत्तम! आमचं अस्वल आजारी पडलंय.”

नियम दोनच. अस्वलाने बोलायचं नाही. आणि काहीही झालं तरी लोकांसमोर पोशाखाचं डोकं काढायचं नाही. काढलं, तर त्याच दिवशी घरी.

न बोलण्याबद्दल मला आयुष्यात पहिल्यांदाच बढती मिळाली होती.

* * *

त्याच संध्याकाळी मृण्मयी पार्कच्या हॉस्टेलच्या किचनमध्ये मॅगी करत होती. तेजूने मला विचारलं, “तू काऊन इतकी घामेजली आहेस? वॅफलच्या मशीनमध्ये बसली होतीस का?”

“नाही. मला अस्वल केलंय,” मी म्हटलं.

“भारीच! उद्यापासून?” मृण्मयीने ढवळता ढवळता विचारलं.

“आज सकाळपासून.”

चमचा थांबला. मॅगी भांड्याच्या बुडाला लागली. मग मृण्मयी म्हणाली, “सायली, तुला खिडकीजवळचा बेड हवा होता ना? घे. मला तसंही ऊन सहन होत नाही.”

तिथे ऊन कधी पडलेलंच नव्हतं. भिंत होती समोर.

* * *

त्यानंतर दोघी माझ्याशी इतक्या चांगल्या वागायला लागल्या की मला भीती वाटायला लागली. आमची सुट्टी बहुतेक रविवारीच यायची, आणि “या रविवारी नक्की येतो” हा अनिकेतचा फोन शुक्रवारी. फोन आला की लगेच हीटरवर वाळत घातलेले कपडे आत जायचे, बाथरूम घासलं जायचं, तेजू साबुदाणा भिजवायची. मग रविवारी सकाळी मेसेज यायचा. कधी गाडी रद्द झालेली, कधी डोकं दुखतंय, कधी क्लायंट. साबुदाणा वडे आम्हीच खायचो.

असे काही रविवार गेले. एका शुक्रवारी मी फोन ठेवून किचनमध्ये आले, तर तेजू फ्रिजमध्ये डोकं घालून अगदी मनापासून विचारते, “मंग? या रविवारी जिजू काय नाही खाणार आहेत?”

आम्ही तिघी खूप हसलो. आधी त्या थांबल्या, मग मी.

* * *

श्रावणात सासूबाईंचा फोन. “पहिली मंगळागौर आहे, परदेशात असलीस म्हणून काय झालं? अनिकेतला मी सांगितलंय, तो रजा काढून येतोय.”

मृण्मयीने ते मनावरच घेतलं! आमच्या तिघींच्या सुट्ट्या बदलून मंगळवारी केल्या. पूजेला सोळा प्रकारची पत्री लागते आणि प्रत्येकाची सोळा पानं, हे तिला तिच्या आईने फोनवर सांगितलं. सोमवारी पार्क बंद झाल्यावर दोघी पिशवी घेऊन गेल्या आणि परतल्या त्या जिंकून आल्यासारख्या. दुर्वा नव्हत्या, आघाडा नव्हता, पण सोळा प्रकार भरले होते. सोळाव्या झाडाची मात्र मूठभर डहाळीच होती.

“मोजायला कुठे थांबू? गार्ड येत होता ना बे!” तेजू म्हणाली.

मंगळवारी मी लग्नातली पैठणी नेसून, दोन इंडक्शन शेगड्यांच्या मधे पूजा मांडली. सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. पूजा पाहून खूश झाल्या. म्हणाल्या, “अनिकेतला बोलाव की, दोघांना एकत्र बघू दे.”

सकाळीच त्याचा ‘जमत नाही’ असा मेसेज आला होता. तेजूने झटकन फोनमध्ये तोंड घातलं. “काकू, जिजू आत्ताच खाली गेले, दूध आणायला!”

“अस्सं?” सासूबाई म्हणाल्या. “मग मघाशी मला डुसेलडॉर्फच्या घरातून फोन केला तो कुणी?”

त्यांनीच फोन ठेवला. मृण्मयीने आरती म्हणायला घेतली, तीही शेवटच्या कडव्यापासून.

* * *

बुधवारी सकाळच्या मीटिंगमध्ये फ्राऊ केलरने एक फोटो फिरवला. पार्कच्या दाराशी झुडूप कातरून केलेलं एक मोठं अस्वल होतं. त्याचा डावा कान गायब!

“हा कान कुणी नेला?”

अस्वलाच्या मदतीला माझ्यासोबत फिरणारा योनास म्हणाला, “ससा असेल.”

“इतक्या उंचावर?”

“मोठा ससा,” तेजू गंभीरपणे म्हणाली. “गेनाऊ, अगदी बरोबर!”

बाईंनी सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. माझ्यापाशी नजर आली आणि तशीच पुढे गेली. मी तर बोलतच नाही. आणि नवरा यावा म्हणून केलेल्या पूजेत तो कान वाहिलाय, हे सांगायचं तरी कुठल्या भाषेत?

* * *

अस्वलाला लोक काहीही सांगतात. एक लहान मुलगी माझ्या पोटाला बिलगून म्हणाली, “पापा म्हणाले होते येतो. तू पाहिलंस का त्यांना?”

अस्वलाला मान हलवून फक्त हो आणि नाही म्हणता येतं. संसारातही माझं तेवढ्यावरच चाललं होतं. मी ‘नाही’ म्हटलं. ती रडली नाही. तिने माझा पंजा थोपटला, जणू मलाच वाईट वाटलं असेल.

योनास मला पाणी प्यायला आत घेऊन गेला. डोकं काढल्यावर म्हणाला, “आज फार गरम होतंय ना? चेहरा ओला झालाय.”

मी म्हटलं, “हो, हो. गरम.”

* * *

सप्टेंबरातला एक रविवार. अनिकेतने या वेळी आधीच कळवलं होतं, “टीमचं काहीतरी आहे, जमणार नाही.” म्हणून मी ड्यूटी घेतली. अस्वलाचं त्याला मी कधी सांगितलंच नव्हतं.

दुपारी कारंज्याजवळ एकसारखे निळे टी-शर्ट घातलेला एक ग्रुप आला. मधोमध अनिकेत. लग्नाच्या अल्बममध्येही तो इतका हसलेला नाही.

त्याच्यासोबतची एक जर्मन बाई म्हणाली, “तुझी बायको इथेच काम करते ना? बोलव ना तिला! आम्ही कधी पाहिलंच नाही.”

“आज नेमकी तिला सुट्टी आहे,” अनिकेत म्हणाला. एवढ्या सहज म्हणाला की क्षणभर मलाही खरं वाटलं.

मग ग्रुपला अस्वलासोबत फोटो हवा होता. अनिकेत माझ्या शेजारी आला आणि त्याने खांद्यावरून हात टाकला. हात जड होता, ओळखीचा होता. योनासने त्याचाच फोन घेऊन फोटो काढला. अनिकेतने तो पाहिला, माझ्या पोटावर एक चापट मारली, खूश होऊन काहीतरी म्हणाला आणि सगळे रोलर कोस्टरकडे गेले.

मी हात हलवत राहिले. अस्वलाने हात हलवायचा असतो.

संध्याकाळी किचनमध्ये तेजू कांदा चिरत होती. मृण्मयीने जपून विचारलं, “अनिकेतचा फोन?”

“फोन नाही. आज तो स्वतःच आला होता.”

“काय!” तेजूने सुरी खाली ठेवली. “अन् मंग? काय म्हणाले जिजू?”

“फोटो छान आलाय म्हणाला.”

 मी कढईत तेल घातलं, शेगडीचं बटण दाबलं आणि म्हटलं,

“एर्लांगेनची ती तिसरी खोली, कुणाला दिली नाहीत ना अजून?”