तांबोळीचं मशीन बंद करू नये

आमच्या चिंचवडच्या ऑफिसात एका टेबलावर कायम एक कागद चिकटवलेला असे: 'हे मशीन बंद करू नये. केल्यास माझ्याशी गाठ आहे. – यूनुस तांबोळी.' तो गमतीने लावलेला नव्हता. एकदा नव्या मॅनेजरने टेस्टच्या आधी सवयीने ते रीस्टार्ट केलं, तेव्हा तांबोळी सगळ्यांसमोर म्हणाला, "साहेब, झोपून उठल्यावर कोणीही ताजातवाना असतो. महिनाभर राबल्यावर काय होतं ते मला बघायचं होतं. तुम्ही माझे सव्वीस दिवस पुसलेत." मॅनेजर हसला. तांबोळी हसला नाही.

आम्ही ट्रकचा ब्रेक सांभाळणाऱ्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर लिहायचो. त्यातली चिप आपण काय काय केलं त्याची पावलापावलाची नोंद मेमरीत टाकत जाते. तिला आम्ही ट्रेस म्हणायचो. त्या नोंदीला जागा किती आणि कशी द्यायची, हे तांबोळीचं काम. सलग मोठी जागा दिली तर चिप न अडखळता लिहिते. पण मशीन बरेच दिवस चाललं की मेमरीचे तुकडे पडतात; एकूण जागा पुष्कळ असते, सलग कुठेच नसते. छोट्या तुकड्यांत लिहायला लावलं तर जागा केव्हाही मिळते, मात्र एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जाताना वेग घटतो.

तांबोळीच्या वडिलांचं काळेवाडीत गॅरेज होतं. नव्या पोरांना तो तिथल्या भाषेत शिकवायचा. "मोठ्या ट्रकला जागा नाही? माल दोन टेम्पोंत घे. टेम्पोलाही नाही? चार रिक्षांत घे. जरा उशीर होईल, होऊ दे. पण माल रस्त्यावर टाकून यायचं नाही." त्याचा प्रोग्रॅम तसाच चाले. आधी सगळ्यात मोठी सलग जागा मागायची, नाही मिळाली तर अर्धी, तीही नाही तर तिच्या अर्धी.

मी त्याचा टीम लीड. वयाने बरोबरीचा, म्हणून मला तो विन्या म्हणायचा. गिऱ्हाईक कंपनीचा डेमो ठरला तेव्हा तो बहिणीच्या लग्नासाठी रजेवर होता. मला वेगाचा आकडा देखणा हवा होता. डेमोत एखाद्या तुकड्यापायीही तो घसरू नये म्हणून मी त्याच्या प्रोग्रॅममधल्या अर्ध्या-पाव मागण्या काढून टाकल्या. सलग जागा मिळाली तर नोंद कर, नाहीतर गुपचूप सोडून दे. मग नोंद कोरी दिसू नये म्हणून मशीन रीस्टार्ट करून डेमो दिला. ताज्या मशीनला सलग जागेची काय वानवा? साहेबांनी पाठ थोपटली. परत बदलायचं राहून गेलं, असं मी पुढे स्वतःला सांगत आलो. राहून बिहून काही गेलं नव्हतं. रोज आठवत होतं. आणि माझ्या देखत तेच सॉफ्टवेअर आमच्याच चाकणच्या प्लँटमधल्या टेस्ट ट्रकांवर चढलं.

तीन महिन्यांनी टेस्ट ट्रॅकवर त्यातला एक ट्रक वेळेत थांबला नाही आणि भिंतीवर गेला. ड्रायव्हर होते निघोज्याचे बबनराव. उजवा खांदा मोडला. ट्रकच्या साध्या, ढोबळ नोंदीत ब्रेक उशिरा दाबल्याचं दिसत होतं. पाय उशिरा पडला की कंट्रोलरने तो उशिरा वाचला, हे फक्त ट्रेस सांगू शकला असता. पण टिकाऊपणाच्या टेस्टसाठी त्या कंट्रोलरची वीज अठरा दिवस तोडलेली नव्हती. सलग जागा उरली नव्हती. ट्रेस कोरा होता.

चौकशीला बबनराव गळ्यात हात बांधून आले. "साहेब, मी दाबला व्हता. येळेवर दाबला व्हता."

"मग नोंद का नाही?" प्लँटच्या साहेबांनी आमच्याकडे बघितलं.

मी म्हणालो, "ते मॉड्यूल तांबोळी बघतात."

बाहेर व्हरांड्यात तांबोळीने मला गाठलं. "विन्या, प्रोग्रॅमच्या बदलांच्या यादीत तुझं नाव आहे. आत जा आणि सांग."

"दोन दिवस दे."

"तुला दोन दिवस कशाला? त्या माणसाला आज घरी पाठवतायत."

तरी त्याने दोन दिवस दिले. मी ते बसून काढले. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतः साहेबांना लिहून दिलं. साहेबांनी मला विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "तांबोळींना विचारूनच केलं होतं. तोंडी." हे वाक्य मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

तांबोळीला ते कळलं. भरल्या ऑफिसात तो माझ्या टेबलाशी आला. आवाज चढवला नाही. "तोंडी. वा. बबनरावांचा खांदापण तोंडीच मोडला का, सर?" त्या दिवसापासून मी सर झालो.

त्याने आपला प्रोग्रॅम पुन्हा जोडला आणि तसाच कंट्रोलर टेबलावर सलग तेवीस दिवस चालवला. जेवायला जाताना मशीनवर रुमाल टाकून जायचा. अठराव्या दिवसापासून ट्रेसमध्ये चोरी सापडू लागली. टेबलावरचा ब्रेक वेळेवर दाबला जात होता, कंट्रोलरच तो उशिरा वाचत होता. त्याने रिपोर्ट दिला. कंपनीने पुढच्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती केली, गाजावाजा न करता. 'ड्रायव्हरची चूक' हा शेरा मात्र तसाच राहिला. तांबोळी मीटिंगमध्ये उभा राहिला. "दुरुस्ती केलीत म्हणजे चूक कुणाची ते तुम्हाला कळलंय. मग माणसाला परत का बोलवत नाही?" टेबलाभोवती आम्ही नऊ जण होतो. साहेबांनी पुढचा विषय काढला. त्याने राजीनामा दिला. वर्षभरात मी मॅनेजर झालो.

ही पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. गेल्या महिन्यात मी कंपनीला सगळं लिहून दिलं आणि त्याची प्रत घेऊन काळेवाडीला गेलो. वडिलांच्या गॅरेजात तांबोळी आता गाड्यांचे कंट्रोलर दुरुस्त करतो. त्याने कागद हातात घेतला नाही. "मला कशाला दाखवता, सर? मला तर माहीतच आहे. माझ्याकडून माफी घेऊन घरी जाऊन झोपायचंय तुम्हाला." मग हातातल्या पान्याने रस्त्याकडे दाखवलं. "निघोजे तिकडे आहे."

मी गेलो. बबनराव ओट्यावर बसले होते. उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. मी सांगू लागलो तसं त्यांनी थांबवलं, बायकोला बाहेर बोलावलं, शेजारच्या दोघांना हाक मारली. "आता वाचा. मोठ्यानं वाचा."

मी वाचलं.

मग बबनराव म्हणाले, "तांबोळीसाहेब तवाच येऊन सांगून गेल्ते, पाय तुमचा बरोबर व्हता म्हून. चूक कुणाची इचारलं, तर नाव न्हाई सांगितलं. म्हन्ले, तो सवताच यील." त्यांनी माझ्या हातातला कागद डाव्या हाताने ओढून घेतला. "दोन वर्सं मी वाट बघितली तुमची. मग सोडलं. ते मातर सोडत नव्हते. दर ईदला डबा घेऊन यायचे आन इचारायचे, आला का?"