मी पढवलेली साक्ष

हे अजून माझ्या तोंडून कुणापुढेही निघालेलं नाही. नवऱ्याला सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे काय — सांगितलंच नाही, आणि आता तो नाही. मुलगी पुण्याला असते. तिला वाटतं, आपली आई सरळ बाई आहे. मीही तिला तसंच वाटू दिलं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलता येत असेल कदाचित. कदाचित तेही खरं नसेल. थकले आहे, एवढं मात्र खरं.

मी डॉक्टर. सगळी सरकारी नोकरी धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत झाली. पोस्टमॉर्टेम किती केली ते मोजलं नाही. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत, आणि निवृत्त झाल्यावरही, माझ्याकडे एक वेगळंच काम आलं — तरुण सरकारी डॉक्टरांना कोर्टात साक्ष द्यायला शिकवायचं. तुम्हाला हे काम विचित्र वाटेल. खरं बोलायला काय शिकवायचं? पण पंचविशीतला एखादा डॉक्टर तालुक्याच्या दवाखान्यात पोस्टमॉर्टेम करतो, बदली होऊन जातो, आणि तीन वर्षांनी त्याला समन्स येतं. पिंजऱ्यात उभा राहिला की त्याला स्वतःचंच अक्षर लागत नाही. वकील आवाज चढवतो. डॉक्टर आधी घाबरतो, मग चिडतो, आणि चिडला की संपला. अशांना मी तयार करायची. उत्तर वकिलाकडे बघून नाही, न्यायाधीशांकडे बघून द्यायचं. आधी श्वास घ्यायचा. जडजड शब्द टाकून साधं मराठी बोलायचं. यात काही वाईट होतं का? नव्हतं. इथपर्यंत नव्हतं.

मला याची एवढी ओढ का होती, तेही सांगते. नोकरीच्या सुरुवातीला मीच धुळ्याच्या कोर्टात हसं करून घेतलं होतं. मारहाणीची केस होती. बचावाचे वकील विचारत गेले आणि मी प्रत्येक उत्तराला एक ‘पण’ जोडत गेले. अशी शक्यता आहे, पण. तशीही असू शकते, पण. शेवटी ते न्यायाधीशांना म्हणाले, बाईंचं नक्की ठरलं की आम्हाला पुन्हा बोलवा. सगळे हसले. आरोपी सुटला. मार खाल्लेल्या पोराची आई बाहेर पायरीवर बसली होती. मी जवळून गेले तरी तिनं मान वर केली नाही. त्या दिवशी मी ठरवलं, आपल्या हाताखालचा कुणी असा उघडा पडणार नाही. आणि पडलाही नाही. माझ्याकडून गेलेला डॉक्टर डगमगत नाही, असं सरकारी वकील एकमेकांना सांगत. ते ऐकायला मला आवडायचं. फार आवडायचं.

आता निखिलचं सांगायला हवं. आडनाव लिहीत नाही. त्याचं नाव आधीच नको तिथं छापलं गेलं आहे.

पाचोऱ्याकडच्या एका खेड्यातली गोष्ट. कापसाचा हंगाम होता, वजनकाट्यावर ट्रॅक्टरांची रांग लागलेली. भिकनआबा म्हणून पन्नाशीचा एक हमाल तिथं गाठोडी उचलायचा. एक तरुण ट्रॅक्टरवाला रांग मोडून पुढं घुसला. शब्दाला शब्द लागला. काट्याच्या ओट्यावर त्यानं भिकनआबाची कॉलर धरली आणि भिकनआबानं हातातली काठी घातली. दुसऱ्या दिवशी तो ट्रॅक्टरवाला दवाखान्यात मेला. लग्नाला दोन वर्षं झाली होती त्याच्या. त्याचे दोन चुलतभाऊ म्हणाले, काठी डोक्याच्या मागच्या बाजूला बसली. भिकनआबा पहिल्या दिवसापासून म्हणत होता, काठी खांद्यावर मारली, तो मागं सरकला आणि ओट्यावरून उलटा पडला. ओटा कंबरेएवढा उंच, खाली दगडी फरशी. म्हणजे सगळी केस एका प्रश्नावर आली — डोकं काठीनं फुटलं की पडून?

पोस्टमॉर्टेम निखिलनं केलं होतं. सरकारी वकिलांनी त्याला माझ्याकडे पाठवलं. रविवारी दुपारी तो जळगावच्या आमच्या घरी आला. सडपातळ, नम्र पोरगा, दोन्ही हातांनी फाईल धरून बसलेला. मी त्याला नेहमीसारखे प्रश्न विचारत गेले. तो नीट उत्तरं देत होता. मग थांबला. म्हणाला, “मॅडम, एक गोष्ट मला खटकतेय. मार मागे लागलाय, पण मेंदू पुढून काळानिळा आहे. मागे जवळजवळ काहीच नाही.”

तुम्ही डॉक्टर नसाल, म्हणून सांगते. स्थिर डोक्यावर काठी बसली तर मेंदूला मार बहुधा काठीखालीच लागतो. माणूस उलटा पडला, डोकं वेगानं जमिनीवर आपटलं, तर मेंदू आतल्या आत पुढं जाऊन आदळतो आणि पलीकडच्या बाजूला दुखावतो. हे पुस्तकात असतं. मी ते वर्षानुवर्षं शिकवलेलं होतं. निखिलला शंका होती. मला शंका नव्हती. त्याचं वाक्य पुरं होण्याआधी मला कळलं होतं की भिकनआबा खरं बोलतोय.

हे पुन्हा लिहिते, कारण इथंच मी आजवर स्वतःला फसवत आले — मला कळलं होतं.

मग मी काय केलं? फाईल हातात घेतली. रिपोर्टात ती गोष्ट एका ओळीत लिहिलेली होती, पण तिचा अर्थ कुठंच दिलेला नव्हता. मी म्हणाले, रिपोर्टात आहे ना, मग लपवलं कुठं? न विचारलेलं आपण होऊन सांगायचं नसतं. आणि वकिलानं विचारलं तर? त्यानं विचारलं. विचारलं तर काय सांगू? तेव्हा मी त्याला एक वाक्य दिलं. ‘जखमेचं एकूण स्वरूप पाहता ती काठीच्या माराशी सुसंगत आहे.’ वाक्य पूर्ण खोटं नव्हतं. बाहेरची जखम पाहिली तर काठीनंही होऊ शकली असती. वाक्य बेतलेलं होतं. ते मी त्याच्याकडून पाच-सहा वेळा म्हणवून घेतलं, जीभ अडखळेनाशी होईपर्यंत. मधे उठून त्याच्यासाठी चहा ठेवला.

का केलं? मेलेल्या पोराच्या घरच्यांची कीव म्हणून? सरकारी वकिलांच्या भिडेखातर? असं म्हणायला बरं वाटेल. त्यांनी मला काहीच सांगितलं नव्हतं, सुचवलंही नव्हतं. माझ्या हातचा डॉक्टर ‘पण’ म्हणत पिंजऱ्यात उभा राहिलेला मला बघायचा नव्हता. बस्स, एवढंच.

साक्षीच्या दिवशी मी कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसले. भिकनआबाला तिथं पहिल्यांदा पाहिलं. धुतलेला सदरा, मोठमोठे हात, आणि चाललेल्यातलं त्याला काही समजत नव्हतं. त्याचा वकील म्हातारा होता, तयारी बेताची. तरी त्यानं नेमकं विचारलं — उंचावरून मागं पडल्यास अशी जखम होऊ शकते का? निखिलनं माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मी मान हलवली नाही, पण नजरही वळवली नाही. मग तो न्यायाधीशांकडे वळला, श्वास घेतला आणि ते वाक्य बोलला. सुरेख बोलला. वकिलाला उत्तर मिळालं नाही हे वकिलाच्या लक्षातच आलं नाही. तो खाली बसला.

दहा वर्षांची शिक्षा लागली.

आठवड्याभरात निखिल पुन्हा आला. डोळे सुजलेले. म्हणाला, मी त्या वकिलांना जाऊन भेटतो, अपिलात तरी हे यायला हवं. तुम्हाला वाटेल, इथं तरी मी त्याला जाऊ दिलं असेल. नाही. मी त्याला नोकरीची भीती घातली. पुढच्या शिक्षणाची घातली. खोट्या साक्षीची केस तुझ्यावरच होईल म्हणाले. वर हुशार माणसं बसलेली असतात, ती बघतील, असंही म्हणाले. हे सगळं मी मायेनं बोलले, त्याच्या पाठीवर हात ठेवून. तो गेला. पुढं त्यानं सरकारी नोकरी सोडली आणि त्वचारोगाचा दवाखाना टाकला. कुणाकडून तरी कळलं, तो म्हणतो, कोर्टाचा कागद येणार नाही अशी शाखा निवडली.

वर हुशार माणसं होती, पण त्यांना सहा वर्षं लागली. नव्या वकिलानं रिपोर्टातली ती ओळ धरली, दुसऱ्या एका डॉक्टरांचं मत दाखवलं. खांद्यावरच्या काठीपुरता दोष ठेवून भिकनआबाला सोडलं. निकालात एक परिच्छेद निखिलवर होता. डॉक्टरांनी सरळ प्रश्नाचं सरळ उत्तर टाळलं आणि त्यामुळे एका माणसाचं आयुष्य तुरुंगात गेलं, अशा अर्थाचा. तो परिच्छेद निखिलनं मला फोनवर पाठवला. सोबत एक शब्दही नाही. त्यानं माझं नाव तेव्हा घेतलं नव्हतं, नंतरही कुठं घेतलं नाही. मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी धुळ्याला माझं शिबिर होतं. मी गेले, आणि नेहमीचं सगळं शिकवलं. दुपारच्या सत्रात एका मुलीनं विचारलं की अवघड प्रश्नाला काय करायचं. मी तिला सुसंगत हा शब्द वापरायला सांगितला.

गेल्या हिवाळ्यात मी त्या खेड्यात गेले. सांगायचंच म्हणून गेले होते, शपथेवर सांगते — माझ्या शपथेला काय किंमत, ते तुम्ही ठरवा. घर विचारत विचारत पोचले. मी डॉक्टर आहे एवढंच म्हणाले. दारात भिकनआबाची बायको होती; बाईंना वाटलं, दवाखान्यातून कुणी तपासायला आलंय. त्यांनी अंगणात बाज टाकली, पाणी दिलं. हळूच म्हणाल्या, “घर उना तो, पन बोलस नही कोनसंगे. नुसता बठी राहस.” सुटून घरी आल्यापासून तो कुणाशी बोलत नव्हता, नुसता बसून राहायचा.

भिकनआबा बाहेर आला, भिंतीला धरून. गुडघे गेले होते. मी गुडघे दाबून पाहिले. दाबता दाबता विचारलं, तुमच्यावर केस झाली होती ना? त्यानं पाय सावकाश खाली ठेवला. मग म्हणाला, “मी काठी मारी व्हती, बाई. खांदावर. ते खरं शे.” त्या पोराची बायको माहेरी गेली, तिचं पुढं काय झालं कोण जाणे, असंही तो म्हणाला. सहा वर्षं आत काढलेला माणूस, आणि त्याला तिची काळजी होती. तो मला त्याच्या वाटणीचा गुन्हा सांगत होता. मी त्याच्यासमोर बसून ऐकत होते.

मी पर्समधून कागद काढला, गुडघ्यांसाठी दोन गोळ्या लिहून दिल्या, जेवल्यावर घ्या म्हणाले. बाईंनी मला बस मिळेपर्यंत सोबत केली.

निकालात निखिलचं नाव आहे. ते वाक्य त्याचं नव्हतं, माझं होतं. हे मी इथं लिहिलं, त्यानं त्याचं नाव तिथून पुसलं जाणार नाही, ते मला माहीत आहे.

त्या बाजेवर मी अर्धा तास बसले होते. सांगायला दोन मिनिटं लागली असती.