धनाजीवरचा राग आजारात धरू नका

भातलावणीला बायका नेणारा धनाजीचा टेम्पो मार्गासनी गावाच्या पुढच्या वळणावर उलटला आणि रतनबाईची धाकटी जाऊ सुलक्षणा जागीच गेली. दोघी टेम्पोच्या मागच्या एकाच फळीला धरून उभ्या होत्या. रतनबाईच्या खांद्याचं हाड मोडलं, ते जुळून आलं. झोप मात्र गेली ती गेलीच. हॉर्न वाजला की हातातलं भांडं सुटायचं. कुणी मागून हाक मारली तरी ती वसकन अंगावर जायची. शेवटी सून वैष्णवी तिला एसटीनं वेल्ह्याच्या दवाखान्यात घेऊन आली. तिथं दर गुरुवारी पुण्याहून मनाच्या आजारांच्या डॉक्टर शेफाली मॅडम यायच्या.

मॅडम तरुण, बोलायला मऊ. पण प्रश्न छापील कागदावर ठरलेले, लिहिलेत तसेच विचारायचे.

"मावशी, गेल्या महिन्यात अपघाताच्या आठवणी नको असताना मनात आल्या का? किती वेळा?"

"मोजायला त्या काय कोंबड्या हायती?"

"अपघाताची आठवण करून देणाऱ्या जागा, वस्तू टाळायचा प्रयत्न केलात का?"

"न्हाई."

मॅडमनी कागदावर खूण केली आणि पुढचा प्रश्न काढला. रतनबाईच्या कपाळाची शीर तटतटली.

"लिवलं बी? न्हाई का म्हनलं, ते इचारलं न्हाई तुमी. त्याच टेम्पोत बसते मी रोज. धनाजीच चालवतो. तेच वळान, तीच फळी. न्हाई बसले तर कामावर कशी जाऊ? टाळायला दुसरी वाट लागती, बाई."

मॅडमचा चेहरा उतरला. "मला शब्द बदलायची परवानगी नाही, मावशी. बदलले तर एकाचा निकाल दुसऱ्याशी जुळत नाही. आणि इथं 'नाही' राहिलं, तर तुम्हाला हा आजारच नाही असं ठरेल."

"मंग माजी झोप कुनी खाल्ली?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्यांचा आवाज आता कडक झाला होता, पण तो राग रतनबाईवर नव्हता. "टेम्पोत बसल्यावर काय करता, ते सांगा."

"डोळं मिटते. सुलक्षणाचं नाव मनात येऊ नये म्हनून शेजारच्या बाईशी उगा भांडान काडते."

"हेच टाळणं," मॅडम म्हणाल्या आणि आधीचं उत्तर खोडलं. मग त्यांनी चिडचिडीचा प्रश्न विचारला.

रतनबाईनं वैष्णवीकडं बोट केलं. "सुनेवर खेकसते, ते आजारात धरा. तिचा काय गुन्हा? पर धनाजीवरचा राग धरू नगा. शेळ्या कोंबाव्यात तशा बाया कोंबल्या त्यानं. आन् आता गावाला सांगतो, बायाच एका अंगाला झुकल्या. त्यो राग गोळीनं जाणार असंल, तर मला गोळी नगो."

शेजारी वैष्णवी पदरात तोंड घालून रडत होती.

उपचार लांबला. दर गुरुवारी त्या वळणावर काय घडलं ते पहिल्यापासून सांगायचं. कधी रतनबाई मधेच उठून बाहेर निघून जायची, मॅडम थांबायच्या. दिवाळीपर्यंत तिला तुकड्यातुकड्यानं झोप लागू लागली, सुनेशी बोलणं सरळ झालं.

भातकाढणीला धनाजीनं पुन्हा फळीपर्यंत बायका भरल्या. रतनबाई टेम्पोपुढं जाऊन उभी राहिली.

"जादाच्या बाया उतरव. मग चाक हालंल."

"वैनी, डोकं फिरलंय तुमचं. उगा का दवाखान्यात जाता?"

"जाते की. डाक्टरीनबाईनं समदं इचारलंय मला. तुला अजून कुनीच काय इचारलं न्हाई. सुलक्षणा कशानं मेली, सांग हितं समद्यांम्होरं."

टेम्पोच्या मागून एक बाई खाली उतरली, मग दुसरी, मग फळीला धरून उभ्या असलेल्या सगळ्याच.

तेव्हापासून धनाजी कुरकुरत दोन फेऱ्या मारतो. रतनबाई त्याच्याशी बोलत नाही.